बोलावताय तर कागद द्या

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात आतल्या पानावर बातमी होती की सत्र न्यायालयात अटकपूर्व जामिनाचे अर्ज फार वाढलेत, आणि बातमीचा एकूण सूर असा की आरोपी लोक आता हुशार झालेत, गुन्हा करायचा आणि आधीच जामीन घेऊन मोकळं व्हायचं. वाचलं आणि चहा तसाच राहिला, कारण त्या गठ्ठ्यातला एक अर्ज माझ्या धाकट्या भावाचा होता आणि तो हुशार वगैरे काही नाही, हुशार असता तर ॲल्युमिनियमच्या खिडक्यांच्या धंद्यात पडला नसता. म्हणून हे पत्र. लांबलंय, कापायचं तर कापा, फक्त नोटिशीचा मुद्दा तेवढा ठेवा.

आमचं गाव तालुक्याचं आहे, नाव लिहित नाही, इथं सगळे सगळ्यांना ओळखतात. भाऊ स्लायडिंग खिडक्या करतो. एका बंगल्याचं काम घेतलं होतं, १६ खिडक्या, थ्री ट्रॅक, मच्छरजाळीसकट, कोटेशन ३ लाख ४० हजार आणि त्यातले १ लाख ८० हजार ॲडव्हान्स. माल आणला, अकरा खिडक्या बसवल्या, मग याला डेंग्यू झाला, प्लेटलेट्स खाली, तीन आठवडे काम बंद, हाताखालचं पोरगं दुसरीकडे गेलं. तिकडे मालकाला वास्तुशांतीची घाई. त्यात कुणीतरी त्यांच्या डोक्यात भरवलं की सेक्शन, म्हणजे ॲल्युमिनियमची पट्टी, हलका वापरलाय, ठरला त्या गेजचा (जाडीचा) नाही. भाऊ म्हणे बिल आहे माझ्याकडे, मोजून घ्या. फोनवर बोलाचाली झाली, यानंही तोंड सोडलं असणार, तो काय साधू नाही. आणि मग थेट गुन्हाच दाखल. फसवणुकीचा, म्हणजे जुनं चारसोबीस, नव्या न्याय संहितेत ३१८ (४), शिक्षा सात वर्षांपर्यंत, अजामीनपात्र. (आकडा बदलला तरी लोक चारसोबीसच म्हणतात, ३१८ म्हणून अजून कुणी कुणाला शिवी दिलेली ऐकली नाही.)

आता गुन्हा दाखल झालाय हे आम्हाला कळलं कसं? फोनवर. शुक्रवारी दुपारी साडेचारला फोन, "साहेबांनी बोलावलंय, येऊन जा, येताना आधार आण." कशासाठी विचारलं तर "आल्यावर कळेल." पाच मिनिटांनी व्हॉट्सॲपवर पोलीस स्टेशनचं लोकेशन आलं, लग्नाला बोलावतात तसं. पोलीस स्टेशन आमच्या घरापासून चालत आठ मिनिटांवर आहे, लोकेशन कशाला लागतं देव जाणे. पण कुठला गुन्हा, कुठलं कलम, फिर्याद कुणाची, किती वाजता कुणापुढं हजर राहायचं, यातलं एक अक्षर लेखी नाही.

शुक्रवार संध्याकाळ म्हणलं की आपल्याकडं पंचक्रोशीत सगळे कायदेपंडित होतात. शेजारचे काका, चुलतभाऊ, पानटपरीवाला, सगळे एकच म्हणाले, जाऊ नको, आत घेतील आणि शनिवार रविवार कोर्ट बंद. हे अर्धं खरं अर्धं खोटं आहे, चोवीस तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढं उभं करावंच लागतं आणि सुट्टीच्या दिवशीही रिमांडसाठी कोर्ट असतं, पण सोमवारपर्यंत जामिनाचं काही हलत नाही हे आमच्या आळीत दोघांनी भोगलंय. मग काय, भाऊ रात्रीच्या एसटीनं कराडला बहिणीकडे. माझं चुकलं असेल, पण मीच त्याला स्टँडवर सोडून आलो.

शनिवारी रात्री साडेनऊला दोन हवालदार घरी. वाईट वागले असं म्हणणार नाही, ओट्यावर बसले, चहा घेतला, पण जाताना आईला म्हणाले की पोरगा येत नसेल तर घरातल्या कुणाला तरी यावं लागेल. आई ७४ वर्षांची. तिनं त्या रात्री बीपीची गोळी दोनदा घेतली. आणि पुढच्या बुधवारी एका स्थानिक साप्ताहिकात दोन कॉलमी चौकट, खिडक्यांच्या कामात लाखोंची फसवणूक, ठेकेदार फरार. फरार म्हणजे बहिणीकडे भाकरी पिठलं खात होता तो. फोन चालू होता त्याचा.

वकिलांकडे गेलो तर त्यांनी दुसरं काही सांगितलंच नाही, म्हणाले अजामीनपात्र आहे, अटकपूर्व टाकू. फी पंचवीस हजार, टायपिंग, झेरॉक्स, ॲफिडेव्हिट वेगळं. अर्ज सत्र न्यायालयात गेला, पहिल्या तारखेला अंतरिम संरक्षण मिळालं, सरकारी वकिलांना नोटीस निघाली आणि तपासी अंमलदाराचा 'से', म्हणजे लेखी म्हणणं, मागवला. पुढच्या तारखेला से आला नाही. त्याच्या पुढच्याला साहेब बंदोबस्ताला. चौथ्या तारखेला आला एकदाचा, दीड पानी, आणि त्यात अर्जदाराची कोठडीतली चौकशी का पाहिजे त्याचं कारण लिहिलेलं, गुन्ह्यातला मुद्देमाल हस्तगत करायचा आहे.

मुद्देमाल! साहेब, मुद्देमाल म्हणजे त्या अकरा खिडक्या, आणि त्या फिर्यादीच्याच बंगल्याला लागलेल्या आहेत, सिलिकॉन मारून, काचा बसवून. रस्त्यावरून जाताना दिसतात. आमच्या वकिलांनी फोटोच दिला कोर्टात. जज साहेबांनी फोटो पाहिला, सरकारी वकिलांकडे पाहिलं, काही बोलले नाहीत. जामीन मंजूर झाला, २५ हजाराचा जातमुचलका आणि तेवढ्याच रकमेचा एक जामीनदार, दर सोमवारी ११ ते १ हजेरी.

ऑर्डर घेऊन पोलीस स्टेशनला गेलो. जामीनदार म्हणून मामेभाऊ आला होता, त्याचा सातबारा, आठ अ, आधार, फोटो. कागदावर अटक दाखवली, बोटांचे ठसे घेतले, सह्या घेतल्या, तास दीड तासात बाहेर. आणि तेव्हा तिथल्या एका जुन्या हवालदारानं, चांगला माणूस, पान लावता लावता जे सांगितलं त्यानं माझं डोकं फिरलं. म्हणाला, "कशाला एवढा खर्च केला, शुक्रवारी आला असता तर समजपत्र देऊन सोडलं असतं की."

मी म्हणलं अहो मग समजपत्र पाठवायचंत ना घरी. तर म्हणाला, फोन केला होता की.

संपादक साहेब, माझं सगळं म्हणणं या एका वाक्यात आहे. कायद्यात जो कागद द्यायला सांगितलाय तो द्यायचा नाही, त्याच्या जागी फोन करायचा, फोनला माणूस घाबरला की तो फरार, आणि फरार झाला म्हणून अटक गरजेची. मग तो अटकपूर्व टाकणार नाही तर काय करणार? तुमच्या बातमीतला गठ्ठा असा तयार होतो.

हा कागद काय आहे ते जरा सांगतो, कारण आम्हाला स्वतःलाच माहीत नव्हतं, मी नंतर रात्र रात्र मोबाईलवर वाचून काढलं आणि वकिलांना छळून खात्री करून घेतली. १ जुलै २०२४ पासून जुन्या सीआरपीसीच्या, म्हणजे फौजदारी कार्यपद्धतीच्या कायद्याच्या, जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. तिच्यात कलम ३५. जुन्यात हेच ४१ आणि ४१ अ होतं, वकील मंडळी अजून सवयीनं एक्केचाळीस ए म्हणतात. सात वर्षांपर्यंत शिक्षेचा गुन्हा असेल तर नुसता गुन्हा दाखल झाला म्हणून अटक करता येत नाही. पुन्हा गुन्हा करेल, पुरावा नष्ट करेल, साक्षीदाराला धमकावेल, तपासाला गरज आहे, कोर्टात हजर राहणार नाही, असं काहीतरी कारण पाहिजे आणि ते पोलिसांनी लिहून ठेवायचं. गंमत म्हणजे अटक करत नसतील तर ते का नाही करत तेही लिहायचं. आणि अटकेची गरज नसेल तिथं ३५ (३) खाली लेखी नोटीस द्यायची, अमुक दिवशी अमुक वाजता हजर राहा. माणूस त्याप्रमाणे हजर राहत गेला तर त्याला अटक नाही, करायचीच असेल तर परत कारण लिहा. तो आलाच नाही तर मग पोलीस पुढची कारवाई करायला मोकळे. इतकं सरळ आहे. पोलिसांच्या भाषेत समजपत्र, एक पानाचा छापील फॉर्म, वर गुन्हा रजिस्टर नंबर, खाली सही शिक्का.

हे काही नव्या कायद्यानं आकाशातून पडलेलं नाही. २ जुलै २०१४ ला सुप्रीम कोर्टानं अर्नेश कुमार विरुद्ध बिहार राज्य या खटल्यात हे सगळं ठणकावून सांगितलं. तो खटला ४९८ अ चा होता, म्हणजे सासरच्या छळाचा, आणि कोर्टानं निकालात आकडेच दिले की २०१२ या एका वर्षात त्या कलमाखाली १,९७,७६२ माणसं अटक झाली, त्यात ४७,९५१ बायका, म्हणजे सासवा नणंदा, आणि शिक्षा लागण्याचं प्रमाण १५ टक्के. कोर्टानं सांगितलं की पोलिसांकडं कारणांची चेकलिस्ट पाहिजे, आरोपीला हजर करताना ती भरून मॅजिस्ट्रेटपुढं ठेवायची, मॅजिस्ट्रेटनंही ती वाचूनच कोठडी द्यायची, नुसती सही ठोकायची नाही, आणि हजर राहण्याची नोटीस गुन्हा दाखल झाल्यापासून दोन आठवड्यांत द्यायची. नाही पाळलं तर खात्यांतर्गत कारवाई आणि वर कोर्टाचा अवमान. आणि हे फक्त सासू सुनेच्या केसला नाही, सात वर्षांपर्यंतच्या सगळ्याच गुन्ह्यांना लागू आहे असं स्पष्ट लिहिलंय.

मग २०२२ च्या जुलैत सतेंदर कुमार अंतिल खटल्यात परत तेच, आणखी कडक. जामिनाचे अर्ज साधारण दोन आठवड्यांत आणि अटकपूर्वचे सहा आठवड्यांत निकाली काढा असंही त्यात आहे. त्याच प्रकरणात जानेवारी २०२५ मध्ये कोर्टानं सांगितलं की ही नोटीस व्हॉट्सॲपवर पाठवलेली चालणार नाही, कायद्यात सांगितलेल्या पद्धतीनंच बजावायची. म्हणजे बघा, तिकडे दिल्लीत सगळ्यात मोठं कोर्ट म्हणतंय अख्खी नोटीस व्हॉट्सॲपवर टाकलेली पण चालत नाही, आणि इकडे आम्हाला नुसतं लोकेशन.

लोक म्हणतील नियम आहेत ना मग कोर्टात भांडा. भांडतात की, ज्यांना परवडतं ते. जानेवारी २०२३ मध्ये चंदा कोचर आणि त्यांच्या नवऱ्याला मुंबई हायकोर्टानं सोडलं ते याच मुद्द्यावर, की अटक करताना ४१ आणि ४१ अ पाळलेलं नाही. बरोबरच केलं. मला त्यांच्या केसमधलं खरं खोटं माहीत नाही आणि इथं त्याच्याशी घेणंदेणंही नाही, पण ज्या कलमानं बँकेच्या माजी सीईओ बाई बाहेर आल्या तेच कलम आमच्या खिडकीवाल्याला पण आहे, फक्त त्याला कुणी सांगत नाही आणि हायकोर्टापर्यंत जायला त्याच्याकडं पैसे नाहीत.

त्याच वर्षी मुंबईतल्या ताडदेवची एक केस झाली. एक संगीत शिकवणारे गृहस्थ, गुन्हा जामीनपात्र, म्हणजे ज्यात जामीन हा हक्कच आहे, पोलीस नाही म्हणूच शकत नाहीत, आणि तरी त्यांना कोठडीत ठेवलं. हायकोर्टानं २ लाख रुपये भरपाई द्यायला लावली सरकारला. ही मुंबईची गोष्ट, मग आमच्याकडं काय होत असेल विचार करा. आमच्याकडं तर लोक साध्या एनसीला, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याच्या नोंदीला, घाबरून अटकपूर्वची चौकशी करायला वकिलांकडं जातात! अदखलपात्र गुन्ह्यात वॉरंटशिवाय अटकच नसते, जामीनपात्र गुन्ह्यात अटकपूर्वची गरजच नसते, पण अर्धे पक्षकार हे न कळता पैसे मोजून येतात आणि काही वकीलही, सगळे नाही, सांगत नाहीत. आमच्या वकिलांना मी नंतर विचारलं की तुम्ही पहिल्याच दिवशी नोटीस मागणारा अर्ज का नाही दिलात पोलीस स्टेशनला, की माझा अशील हजर राहायला तयार आहे, लेखी नोटीस द्या. तर हसले. म्हणाले अर्ज दिला असता, आवक शिक्का मिळाला नसता, आणि तुमचा भाऊ आत गेला असता तर तुम्ही मला सोडलं नसतं. खरं आहे तेही. वकील पण घाबरतो, सगळेच एकमेकांना घाबरून आहेत.

अटकपूर्व जामिनाबद्दल मात्र माझा राग नाही, उलट. ही सोय नसती तर भाऊ आत गेलाच असता. आधीच्या, १८९८ च्या कायद्यात हे कलमच नव्हतं, लॉ कमिशननं १९६९ ला सुचवलं आणि १९७३ च्या सीआरपीसीत कलम ४३८ म्हणून आलं, आता ते ४८२ आहे. उत्तर प्रदेशानं तर आणीबाणीत ते कलम काढून टाकलं होतं, २०१९ ला परत आणलं, म्हणजे चाळीसेक वर्षं तिथल्या लोकांना ही सोयच नव्हती. १९८० मध्ये गुरबक्षसिंग सिब्बिया खटल्यात पाच न्यायमूर्तींनी या कलमाचा अर्थ लावला, निकाल लिहिला सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूडांनी, आपल्या पुण्याचे. एफआयआर व्हायच्या आधीसुद्धा अर्ज करता येतो, मात्र भीतीला काहीतरी ठोस आधार पाहिजे, उगीच वाटतंय म्हणून नाही, आणि कुठल्याही गुन्ह्यात अटक करू नका असा सरसकट आदेश मिळणार नाही, हे सगळं तिथलं. मग हा जामीन ठरावीक मुदतीपुरता की शेवटपर्यंत यावर पुढं बरीच वर्षं घोळ चालला, त्यात आपल्या अक्कलकोटच्या सिद्धाराम म्हेत्रेंचा २०१० चा निकालही येतो, आणि शेवटी जानेवारी २०२० ला सुशीला अगरवाल प्रकरणात पाच जणांच्या पीठानं मिटवलं की साधारणपणे मुदत घालायची गरज नाही, खटला संपेपर्यंत चालू शकतो. तर सोय चांगलीच आहे. पण ती छत्रीसारखी आहे हो, पाऊस पडला की उघडायची. इथं वरून बादली ओततायत आणि म्हणतायत छत्र्यांचा खप का वाढला.

पोलिसांची बाजू पण लिहितो, नाहीतर एकतर्फी होईल. तो जुना हवालदार म्हणाला ते खोटं नाही, की नोटीस द्यायला गेलं तर माणूस घरात असून नाही म्हणतो, घरचे सही करत नाहीत, आणि आम्ही नोटीस देऊन सोडला की फिर्यादी जाऊन साहेबांच्या केबिनमधे बसतो, अटक का नाही केली, किती खाल्ले. आणि दुसऱ्या दिवशी पेपरात, आरोपीला पोलिसांचे अभय. हे तुम्ही लोक छापता साहेब! अटक झाली की कारवाई झाली आणि नोटीस दिली की मिलीभगत, असं आपण सगळ्यांनीच डोक्यात घेतलंय. खटला, पुरावा, शिक्षा यांच्याशी कुणाला देणंघेणं नाही, माणूस एक रात्र आत गेला पाहिजे, गावानं बघितला पाहिजे. फिर्यादीला पण न्याय हवा असतो का, की ती एक रात्र हवी असते? आमच्या केसमधे तर मला खात्री आहे, त्यांना उरलेल्या पाच खिडक्या पण नको होत्या, भावाला जीपमधून उतरताना बघायचं होतं.

आणि दुसरं काय पाहिजे असतं तर पैसे. हे सगळ्यात घाण आहे. व्यवहारातला वाद, काम अर्धं राहिलं, उधारी थकली, ट्रॅक्टरचा व्यवहार फिसकटला, दिवाणी कोर्टात गेलं तर दहा वर्षं, म्हणून चारसोबीस टाकायचं आणि अटकेच्या भीतीनं वसूल करायचं. आमच्या भावाला पण मधल्या काळात निरोप आला होता, दीड लाख टेबलावर ठेव, उद्या तक्रार मागं घेतो. (ती अशी मागं घेता येत नाही, तेही कोर्टातनंच करावं लागतं, पण निरोप आणणाऱ्याला ते कुठं माहीत.) जुलै २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की अटकपूर्व जामीन देताना फसवणुकीची म्हणून जी रक्कम सांगितली जाते ती भरायची अट घालणं बरोबर नाही, फौजदारी कोर्ट म्हणजे वसुली एजंट नाही असा त्याचा अर्थ. व्यापारी व्यवहारातल्या वादात गुन्हा दाखल करण्याआधी प्राथमिक चौकशी करता येते हे २०१३ च्या ललिता कुमारी निकालात पण आहे. नव्या संहितेत तर १४ दिवसांच्या प्राथमिक चौकशीची तरतूदच घातलीय, डीवायएसपीची परवानगी घेऊन, पण ती तीन वर्षं ते सात वर्षांच्या आतल्या गुन्ह्यांना, आणि आमचं ३१८ (४) बरोब्बर सात वर्षांचं, म्हणजे एका दिवसानं हुकलं म्हणा ना.

आणखी एक, ज्यांच्या घरात म्हातारी माणसं आहेत त्यांनी लक्षात ठेवावं. तीन वर्षांपेक्षा कमी शिक्षेचा गुन्हा आणि माणूस साठीच्या वरचा किंवा आजारानं अधू झालेला असेल तर डीवायएसपी दर्जाच्या अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय अटक नाही, ३५ (७). बायकांना सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी अटक नाही, अगदी अपवाद सोडून, आणि अपवाद करायचा तर महिला अधिकाऱ्यानं मॅजिस्ट्रेटची लेखी परवानगी आधी घ्यायची. आणि मुलगा सापडत नाही म्हणून आईला बोलवायचं हे तर कुठल्याच कलमात नाही, मी शोधलं. अटक झालीच तर कारणं लेखी मिळाली पाहिजेत, ती पण त्या माणसाला कळेल अशा भाषेत, आणि उशिरात उशिरा रिमांडच्या दोन तास आधी, हे नोव्हेंबर २०२५ मध्ये वरळीच्या त्या बीएमडब्ल्यू अपघाताच्या केसमधे सरन्यायाधीश भूषण गवईंच्या खंडपीठानं सांगितलं, आणि सगळ्या गुन्ह्यांना लागू केलं. त्या अपघातातला आरोपी कोण, बळी कोण, ते सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे, माझी सहानुभूती कुठं आहे ते सांगायला नको. पण नियम त्याच्या केसमधनं आला म्हणून काय सोडून द्यायचा का, आमच्यासारख्याला तो जास्त लागतो.

मी खून दरोडा बलात्कार याबद्दल बोलत नाहीये हे परत लिहितो, नाहीतर उद्या पत्राला उत्तर येईल की हे आरोपींचे वकील. सासरी खरोखर छळ होणारी मुलगी नोटिशीवर सुटलेल्या नवऱ्याला घाबरते हे पण मला कळतं, माझ्या पुतणीच्या मैत्रिणीचं बघितलंय, तिथं नवरा धमकावत असेल तर ते कारण लिहा आणि करा अटक, कायदा आडवा येत नाही. फक्त लिहा. न लिहिता, फोनवर, शुक्रवारी संध्याकाळी नको.

खर्च सांगतो आमचा, लपवायचं काय त्यात. वकील २५ हजार, किरकोळ ४ हजार, जायचं यायचं, जामीनदाराचं सॉल्व्हन्सी (ऐपतीचा दाखला) लागेल म्हणून तहसीलला तीन हेलपाटे, ते शेवटी लागलंच नाही. सगळे मिळून ३४ हजारच्या पुढं. दिवाळीच्या आधीचा सीझन, दोन ऑर्डरी गेल्या, एकीनं तर तोंडावर सांगितलं की तुमचं पेपरात आलं होतं ना. जामीन झाल्याचं त्या साप्ताहिकानं छापलं नाही. सोमवारी भाऊ हजेरीला जातो, सही करतो, अर्धा दिवस मोडतो. सहा हजेऱ्या झाल्या, आणि अजून त्याला कुणी एकही प्रश्न विचारलेला नाही, गेज किती, माल कुठून घेतला, बिल दाखव, काही नाही. ज्या चौकशीसाठी कोठडी पाहिजे होती ती चौकशी कुठं आहे? बिल तो दर सोमवारी पिशवीतनं घेऊन जातो, घडीवर फाटायला आलंय, आता मी लॅमिनेशन करून दिलंय.

तुमच्याकडं एकच मागणी आहे साहेब. वर्षभर तुम्ही पोलिसांच्या प्रेसनोटवरनं 'फरार' छापता, एकदा त्या ३५ (३) च्या नोटिशीचा कोरा फॉर्म छापा पेपरात, पूर्ण, जसा असतो तसा, म्हणजे लोकांना कळेल की बोलावलं तर काय मागायचं. आणि पुढच्या वेळी फरार लिहिण्याआधी बातमीदाराला एवढंच विचारायला लावा, याला नोटीस दिली होती का, कुठल्या तारखेला.

मी माझ्या परीनं माहिती अधिकारात अर्ज टाकलाय, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. त्या पोलीस स्टेशनला मागच्या एका वर्षात सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेचे गुन्हे किती, त्यात ३५ (३) च्या नोटिसा किती दिल्या आणि अटका किती. दीडशे शब्दांत आणि एकाच विषयावर लिहायचा नियम आहे आपल्याकडं, मला ते किती जड गेलं असेल ते हे पत्र बघून कळेलच. तीस दिवस येत्या मंगळवारी संपतायत. उत्तर आलं की तुम्हाला पाठवतो, नाही आलं तर अपिलाची प्रत पाठवतो.

आपला,
एक जुना वाचक
(नाव, पत्ता, फोन सोबत वेगळ्या कागदावर दिलाय, छापू नये. भावाची हजेरी अजून चालू आहे.)